गुजरीतल्या सांडाचा मालक

मी नगरपालिकेत निवडून आलो ती आणीबाणी लागायच्या आधीची निवडणूक. पाणी, रस्ते, दिवे ही खाती पहिल्याच बैठकीत वाटली गेली. उरलं ते जनावरांचं, म्हणजे कांजीहाऊस, मोकाट गुरं आणि कुत्री. ते माझ्याकडे आलं. अध्यक्ष म्हणाले, "तुमचं बरं हाये भाऊ. तुमच्या खात्यातला कोनी तक्रार घेऊन येत नाई." सगळे हसले.

कांजीहाऊस म्हणजे इतर ठिकाणी ज्याला कोंडवाडा म्हणतात ते. आमच्या तालुक्याच्या गावात ते बसस्टँडच्या मागे होतं. चार भिंती, अर्ध्या भागावर टिनाचं छप्पर, एक हौद. कोणाच्या पऱ्हाटीत, म्हणजे कापसाच्या शेतात, गाय शिरली की तिला हाकत इथे आणायचं, मालकानं दंड भरून सोडवून न्यायची. कोणी आलंच नाही तर लिलाव. कुत्र्यांसाठी तिथे जागा नव्हती. कुत्र्यांसाठी विषाचे लाडू होते. सकाळी झाडूवाले मेलेली कुत्री हातगाडीवर गोळा करत, त्यात पाळलेलीही निघत, आणि मग दोन-चार घरांत दिवसभर चूल पेटत नसे. हे बंद करायचं मी ठरवलं. पाळलेल्या कुत्र्याला पट्टा, पट्ट्याला पालिकेचा बिल्ला, आणि कुत्रा चावला तर जबाबदारी मालकाची, असा नियम मी लिहून काढला. त्याच कागदावर खाली दुसरा नियम लिहिला: ज्यानं जनावर देवाच्या नावानं सोडलं, त्यानंच त्याचं चारा-पाणी करावं आणि त्यानं केलेली नासधूस भरून द्यावी.

हा दुसरा नियम का लिहावा लागला ते सांगतो. आमच्याकडे घरातला कर्ता माणूस गेला की ऐपतीचे लोक दिवसांच्या कार्यात एक गोऱ्हा सोडतात. त्याला आंघोळ घालायची, पुठ्ठ्यावर त्रिशूळ डागायचा, गळ्यात हार घालायचा आणि फाटक उघडायचं. त्या क्षणापासून तो कोणाचा नाही, देवाचा. त्याला कोणी बांधू शकत नाही, खच्ची करू शकत नाही, वखराला जुंपू शकत नाही. गेलेल्या माणसाला त्यामुळे पुढची वाट सोपी होते म्हणतात. मला त्या वाटेबद्दल काही माहीत नाही. मला बसस्टँड ते गुजरी ही वाट माहीत आहे, आणि तिच्यावर हे सोडलेले गोऱ्हे मोठे होऊन सांड होत, ते मी रोज पाहत होतो.

आमच्या गावातले मोठे कापूस अडते, ज्यांना सगळे काकाजी म्हणत, त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांनीही गोऱ्हा सोडला. पांढरा, उंचेला, पाहावासा. जेवायला सगळं गाव होतं. दुसऱ्या दिवशी सवयीनं तो संध्याकाळी त्याच फाटकाशी परत आला. जनावरच ते, त्याला काय ठाऊक आपण कालपासून देवाचे झालो. काकाजींच्या गड्यानं त्याला काठीनं हाकलून दिलं. तिसऱ्या दिवशीही आला. चौथ्या दिवशी फाटकाला काटेरी तार लागली. वाड्यात गोठा होता, गोठ्यात कुटाराचा, म्हणजे भुशाचा, ढीग होता, सरकीच्या ढेपेची पोती होती. पण एकदा देवाला दिलेलं परत घरात घेतलं तर पाप लागतं.

मग तो गुजरीत आला. गुजरी म्हणजे आमचा रोजचा भाजीबाजार. ओट्यांवर ज्यांना जागा त्यांचं ठीक होतं. खाली जमिनीवर पोतं अंथरून बसणाऱ्या बायांच्या भाजीत तो सरळ तोंड घालायचा. मारायची सोय नाही, कारण देवाचा. वर्षभरात त्याची मान माझ्या मांडीएवढी झाली.

कोपऱ्यावरच्या ओट्यावर एक बाई बसायची. कोबी, वांगी, सांबार. सांबार म्हणजे कोथिंबीर, आमच्याकडे तसंच म्हणतात. नवरा दम्यानं अंथरुणाला, दोन मुली शाळेत, आणि सगळं घर त्या ओट्यावर. ओटा पालिकेचा, नाव तिचं. तिनं एक युक्ती केली. संध्याकाळी कोबीचा वरचा पाला, किडकी वांगी असं सगळं एका पाटीत भरून ती गुजरीच्या मागच्या उकिरड्यापाशी नेऊन टाकायची. आठवडाभरात सांडाला ते कळलं. तो दिवसभर तिथेच उभा राहू लागला. गुजरीत येईना. खाली बसणाऱ्या बाया तिला आपापला कचरा आणून देऊ लागल्या. माझ्या खात्याला जे जमलं नव्हतं ते तिनं पाल्यावर जमवलं. मी तिला तसं म्हटलंही. ती म्हणाली, "मंग बिल्ला मले बांधा, भाऊ."

सभेत माझा कागद आला. कुत्र्यांचा नियम पाच मिनिटांत मंजूर झाला. दुसरा वाचला तेव्हा सगळे अध्यक्षांकडे पाहू लागले. काकाजी स्वतः सदस्य नव्हते, पण सभागृहातल्या अर्ध्या लोकांचा कापूस त्यांच्या अडतीवर जायचा.

एक जण म्हणाला, "म्हंजे बाप मेल्यावर बी दंड भरा म्हणता काय?"

"बाप मेल्याचा नाई. सांड सोडल्याचा."

"अहो, सोडला म्हणजे सोडला ना. तुम्ही मंदिरात नारळ वाहता, तो काय परत मागाले जाता?"

"नारळ कोनाले शिंग मारत नाई," मी म्हटलं.

मागून कोणी हसलं. अध्यक्ष हसले नाहीत. त्यांनी सुधारणा सुचवली. कुत्रा असो की गाय, मालक ओळखायचा एकच साधा नियम असावा: जो जनावराला नेमानं खाऊ घालतो, तो त्याचा मालक. म्हणजे वाद नाही, साक्षी-पुरावा नाही. मी उभा राहून म्हणालो की असा नियम केला तर दया करणारा सापडेल आणि जबाबदार माणूस सुटेल. दारच्या कुत्र्याला शिळी भाकर टाकणारी म्हातारी मालकीण ठरेल. अध्यक्ष म्हणाले, "मंग टाकू नये भाकर." हात वर झाले. विरोधात माझा एकट्याचा. मी माझा विरोध नोंदवायला लावला, त्याचा कोणाला काही उपयोग झाला नाही.

त्यानंतरच्या पावसाळ्यात उकिरडा चिखलानं भरला आणि सांड पुन्हा रस्त्यावर आला. एका सकाळी एक निवृत्त मास्तर पिशवी घेऊन चालले होते. सांडानं त्यांना पाडलं. मुद्दाम नसावं, पाहणारे म्हणाले की तो नुसता वळला. पण मास्तरांचा खुबा मोडला. त्यांना सेवाग्रामच्या दवाखान्यात नेलं, पाय प्लास्टरमध्ये. गावातले निम्मे लोक त्यांच्या हाताखाली शिकलेले. दुपारपर्यंत पालिकेसमोर गर्दी जमली.

सांड धरायला आमची चार माणसं दोर घेऊन गेली आणि तशीच परत आली. शेवटी मीच त्या बाईकडे गेलो. तिनं धंदा शेजारणीवर टाकला, पाटीत पाला भरला आणि चालू लागली. मागे सांड. एवढा मोठा जीव, मान खाली घालून तिच्या मागे बसस्टँडपर्यंत आला आणि कांजीहाऊसच्या दारातून आत गेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक उभे होते. एकानं टोमणा मारला, "वरात निघाली वो बाई." ती म्हणाली, "तू कायले मागं राह्यला, ये ना. पाला पुरते तुले बी." लोक हसले. मलाही बरं वाटलं, की आज कोणाला इजा न होता काम झालं.

तेच तिच्या विरोधात गेलं. आठ-दहा दिवसांत तिला नोटीस गेली. सांड तिचा आहे, तिनं तो ताब्यात घेऊन बांधून ठेवावा, नाहीतर तिचा ओटा रद्द करण्यात येईल. माझ्या खात्याची नोटीस, आणि मला न विचारता. पालिकेला मास्तरांच्या मुलासमोर काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं, आणि काकाजींच्या फाटकावर नोटीस लावायची कोणाची छाती नव्हती. एवढंच त्यामागे होतं. मी अध्यक्षांना त्यांच्या केबिनमध्ये जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. ते म्हणाले, "सुनावनी ठेवली ना? तिथं बोला."

सुनावणीला अध्यक्ष, मुख्याधिकारी, मी आणि ती बाई. काकाजीही आले होते, कशासाठी ते कोणी विचारलं नाही. त्यांना खुर्ची दिली. बाई उभी. मी माझी खुर्ची तिच्याकडे सरकवली तर ती बसली नाही, म्हणून मीही उभाच राहिलो.

मुख्याधिकारी पुण्याकडचे होते, कागदावर चालणारे. त्यांनी विचारलं, "सांड तुमच्यामागे कांजीहाऊसपर्यंत चालत आला. खरं ना?"

"आला."

"दुसऱ्या कोणामागे आला असता?"

"नाई."

"मग बाई, तो तुमचा नाही असं कसं म्हणता?"

"साहेब, माया पाटीत कोबी होता. तुमच्या पाटीत असता त तुमच्या मागं आला असता."

शिपाई हसू दाबत बाहेर गेला. मी म्हणालो की पुठ्ठ्यावर त्रिशूळ कोणी डागला ते सगळ्या गावाला माहीत आहे, डागणारे इथेच बसले आहेत, त्यांना विचारा. काकाजी शांतपणे म्हणाले, "मी देवाले देल्ला. आता माया कसा? देवाले नोटीस पाठवता काय?"

अध्यक्ष म्हणाले, "नियमात सोडनाऱ्याचं काही नाई, भाऊ. खाऊ घालनाऱ्याचं हाये. तुमच्याच समोर झाला ना ठराव?"

मी काय बोललो ते आज जसंच्या तसं आठवत नाही. आवाज चढला होता एवढं आठवतं, आणि मुख्याधिकाऱ्यांनी "सभ्य भाषा" असं काहीसं म्हटलं हेही. मग बाईनं विचारलं, "म्हंजे माया झाला काय? पुरा?"

"पूर्ण," मुख्याधिकारी म्हणाले.

"मंग तसं लिहून द्या."

त्यांनी आनंदानं दिलं. प्रकरण मिटत होतं. व्हरांड्यात आल्यावर तिनं तो कागद माझ्याकडून वाचून घेतला, घडी घालून कमरेच्या पिशवीत ठेवला आणि म्हणाली, "भाऊ, माया भाऊ देवळीच्या बाजूले शेती करते. त्याचा एक बैल मेला पेरणीच्या आधी. याले खच्ची करतो अन् त्याले देतो. चालते ना?"

मी सांड गुजरीत कसा बांधायचा, तिला दोर कुठून द्यायचा, याचा विचार करत होतो. मालक म्हटल्यावर मालकाचा हक्कही येतो, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. मी म्हणालो, "कायद्यानं चालते. पन गाव काय म्हनन, ते पाय."

"गावानंच तर लिहून देल्लं," ती म्हणाली.

जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टर दुसऱ्या दिवशी कांजीहाऊसमध्ये येणार होते. संध्याकाळी काकाजी माझ्या घरी आले. त्याआधी ते कधी माझ्या घरी आले नव्हते. चहा घेतला नाही.

"हे पाप तुमच्या खात्यात होऊन राह्यलं," ते म्हणाले. "माया बापाच्या नावाचा सांड. त्याले वखराले लावन ते बाई?"

"काकाजी, मी उद्या सकाळी थांबवतो. तुम्ही फक्त लिहून द्या, की सांड तुमचा हाये. गोठ्यात बांधा, खाऊ घाला. नोटीस रद्द, ओटा तिचा तिले, सांड तुमचा तुमाले."

"माया कसा लिहू? देल्लेलं दान परत घेऊ काय?"

"मंग तिचा हाये. तिनं काय करावं ते तुमी काऊन सांगता?"

"तुमी हिंदू हा ना?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो की मी गेली दोन वर्षं त्या सांडाला कांजीहाऊसच्या बजेटातून कुटार मिळावं म्हणून अर्ज देतो आहे आणि त्यांच्या गोठ्यातून एक टोपलंही कधी आलं नाही. यावर ते उठून गेले. एक सही होती ती. ती केली असती तर पुढचं काहीच झालं नसतं. बापाची वाट, देव, पुण्य, सगळं त्यांना हवं होतं, फक्त त्याचं कुटार दुसऱ्यानं घालायचं. मला त्या माणसाचा राग आज इतक्या वर्षांनी तसाच येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

डॉक्टरांनी चिमटा लावून सांड खच्ची केला. पंधरा-वीस दिवस तो कांजीहाऊसमध्येच राहिला. ती रोज पाला घेऊन यायची. मग तिचा भाऊ आला आणि त्याला घेऊन गेला. रस्ते मोकळे झाले. मास्तर काठी टेकत चालायला लागले. सभेत अध्यक्षांनी "मोकाट जनावरांचा प्रश्न मार्गी लागला" असं वाचून दाखवलं, आणि बाकं वाजली.

गुजरीत मात्र वेगळंच चालू झालं. कोणी कोणाला काही सांगितलं असं मी सिद्ध करू शकत नाही. पण तिच्या कोबीसमोर बाया थांबेनाशा झाल्या. भाव तोच, माल तोच, उलट चांगला. बाया दोन पावलं पुढे जाऊन खाली बसणाऱ्या शेजारणीकडे घ्यायच्या, त्याच शेजारणीकडे, जिचा कचरा सांडाला खाऊ घालून हिनं तिचा माल वाचवला होता. श्रावण लागला तेव्हा ते उघड झालं. उपासाच्या घरात तिच्या हातची भाजी नको, तिनं देवाचा सांड बाटवला. देवळात बोललं जाऊ लागलं, आणि बोलणाऱ्यांत त्या सभेत हात वर करणारेही होते. नियमानं तिला मालकीण करणारे तेच, आणि मालकिणीसारखी वागली म्हणून पाप लावणारेही तेच.

माझ्या घरातही आईनं पिशवी बघून विचारलं, "ह्या बाईकडचं आनलं काय?"

"हो."

"महिनाभर आनू नको. मंग पाहू."

मी आईला म्हणालो की तुझ्या देवाला एक सांड पोसता आला नाही, त्यानं कोबीचं सोवळं पाळू नये. आई दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. बायकोनं भाजी केली, आईनं ताटात घेतली नाही. मी रोज तिच्याकडूनच आणत राहिलो, गरजेपेक्षा जास्त आणत राहिलो, पण एका घरानं किती कोबी खायचा? संध्याकाळी तिच्या ओट्यावर माल तसाच दिसायचा आणि आता तो खायला उकिरड्यावर कोणी उभंही नव्हतं.

दिवाळीच्या आधी तिनं ओटा सोडला. पालिकेनं काढून घेतला नाही, हे अध्यक्ष मला मुद्दाम सांगायला आले. "पाहा, आमी तिले हात नाई लावला. स्वतःच गेली." आठवड्याच्या आत ओटा दुसऱ्याच्या नावावर झाला. मी सभेत ठराव मांडला की तो वर्षभर तिच्यासाठी राखून ठेवावा. अनुमोदन मिळालं नाही, म्हणून तो चर्चेलाही आला नाही. माझी मुदत संपेपर्यंत मी खातं सांभाळलं. नंतर निवडणुकीला उभा राहिलो नाही.

ऐंशी सालानंतर कधीतरी देवळीच्या आठवडी बाजारात मला ती दिसली. जमिनीवर पोतं अंथरून बसली होती. आठवड्यात वेगवेगळ्या गावांचे बाजार करते म्हणाली. नवरा गेला होता. थोरल्या मुलीची शाळा सुटली होती, ती आईसोबत टोपली उचलायची. मी कोबी घेतला. तिनं पैसे घ्यायला नकार दिला, मी ठेवून दिले.

"बैल कसा हाये?" मी विचारलं, दुसरं काही सुचेना म्हणून.

"गुनाचा निंगाला. माया भावाची शेती त्याच्यावरच चालली."

"ओटा परत पाहिजे असन त अर्ज देऊन पाहू. आता पालिकेत दुसरे लोक हायेत."

ती कोबीवरची माती पुसत राहिली. "लोक दुसरे हायेत काय भाऊ?" ती म्हणाली. "गिऱ्हाईक त तेच हाये ना."

ही हकीकत मी कोणाला सांगितली की ऐकणारा शेवटी म्हणतो, चला, बैलाचं तरी भलं झालं, तिच्या भावाचंही झालं. लोकांना अशी गोष्ट गोड करून घ्यायची सवय असते. मी त्यांना सांगतो की तिच्याकडे पक्क्या छपराखाली रोजचा धंदा होता आणि तिच्या मुली शाळेत जात होत्या. त्यानंतर ती उन्हात, पावसात, एसटीच्या टपावर टोपल्या चढवून गावोगाव फिरली आणि एका मुलीचं शिक्षण गेलं. पुढे काकाजींच्या आई वारल्या तेव्हा त्यांनी पुन्हा गोऱ्हा सोडला. जेवायला गाव होतं. मी गेलो नाही.